धुरापेक्षा कूलर तपासा

संपादक महोदय,

गोदावरीतील पानवेली काढून रोज धूरफवारणी केली की नाशिकची डासांपासून सुटका होईल, हे आपल्या अंकातील पत्रलेखकांचे मत अर्धेच पटले. पानवेली काढायलाच हव्यात. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास नदीत नव्हे, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. उन्हाळ्यात पाणीकपातीच्या धास्तीने आपण पिंपे भरून ठेवतो, कूलर सुरू करतो. त्यामुळे या डासाची सोयच होते. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठवलेले पाणी ओतून कोरडा दिवस पाळायचा. मात्र कूलर नुसता उपडा करून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. आतली बाजू काथ्याने खसखसून घासायलाच हवी. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशीही बघावी. जी टाकी रिकामी करता येत नाही, ती घट्ट झाकावी.

महापालिकेचे कर्मचारी पिंपे तपासायला आले, तर कृपया त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

– एक वाचक, सिडको, नाशिक