फराळानंतरचे वाचन



हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळी सरलेली असेल, थंडी पडू लागली असेल आणि दिवाळी अंक घराघरांतून, वाचनालयांतून फिरत असतील. चळवळीतल्या बायका त्यांतले वैचारिक लेख तेवढे वाचतात, प्रेमकथा-रहस्यकथांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, असा एक समज आहे. तो खरा नाही. शिबिराला जाताना एस. टी.त, रात्री सतरंजीवर आडवे झाल्यावर आपल्या हातात काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. फक्त त्याविषयी आपण बोलत नाही. प्रेमकथा म्हणजे स्वप्नरंजन आणि रहस्यकथा म्हणजे वेळ काढणे, असे म्हणून विषय संपवतो. या वेळी तो संपवू नये, असे मला वाटते.

पहिला प्रश्न वेळेचाच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिकते, वाचते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा जाच त्यांना कसा सोसावा लागला, ते त्यात आहे. आज वाचू नको असे सहसा कोणी म्हणत नाही. पण वेळ कुठे आहे? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला सरासरी २८९ मिनिटे इतका वेळ बिनमोल घरकामात जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटे. सणाच्या आठवड्यात भाजणीपासून अनारशांपर्यंत जे वाढते ते कोणाच्या वाट्याला येते हे सांगायला पाहणी नको. बाप्ये पाडव्याला अंक उघडतात, बाई भाऊबीजेचे पाहुणे गेल्यावर, भांडी आवरून.

अमेरिकेतल्या अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या सामान्य गृहिणींशी बोलून १९८४ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्या बायकांना कथेइतकीच वाचण्याची कृती महत्त्वाची वाटत होती. पुस्तक समोर धरले की घरच्यांना कळायचे, आत्ता ही आपल्याला उपलब्ध नाही. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या वाचन गटात एक बाई म्हणाली, “ताई, गोष्ट कशीबी असू द्या, तेवढा एक तास मला कुणी हाक मारत नाही.” त्या तासाला पलायन म्हणायची घाई आपण करू नये. हक्काची विश्रांती ही मजुरीइतकीच मागण्याची गोष्ट आहे.

पण तास मिळाला म्हणजे त्यात जे वाचले ते निर्दोष ठरते असेही नाही. दिवाळी अंकातली सरधोपट प्रेमकथा आठवून पाहा. तो तिला पाहतो, ती नाही म्हणते, तो तिच्या ऑफिसबाहेर उभा राहतो, पुन्हा पुन्हा फोन करतो, आणि शेवटच्या पानावर तिला कळते की याचे आपल्यावर किती खरे प्रेम आहे. आमच्या सल्ला केंद्रात हीच गोष्ट मुली सांगतात तेव्हा ती तक्रार असते. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करत राहणे हा २०१३ पासून आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये येतो. कायदा बदलला, पण कथेतला नायक अजून तिच्या बसस्टॉपवर उभाच आहे. आणि या कथांतली आडनावे पाहा. दोघांची जात न सांगता एकच असते. जिथे जातीबाहेरच्या प्रेमापायी मुलींचे जीव जातात, तिथे प्रेमकथेने एवढी सोय बघून चालावे का?

तरीही या कथांत एक गोष्ट आहे जी बायकांना पुन्हा तिकडे ओढते. तिथे कोणीतरी बाईला विचारतो, तुला काय हवे? प्रत्यक्षात हा प्रश्न किती जणींना विचारला गेला आहे? त्या भुकेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाईच्या इच्छेला उत्तर म्हणून फक्त लग्नच का पुढे केले जाते, हे मात्र विचारायलाच हवे.

आता रहस्यकथा. इंग्लंडमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचे नवे पुस्तक नाताळची भेट म्हणून विकले जाई. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या वाचणाऱ्यांत बायका कमी नव्हत्या. ख्रिस्ती यांची मिस मार्पल ही एकटी, वयस्क बाई. १९३० च्या कादंबरीपासून ती विणकाम करता करता खून उलगडते, तेही गावातल्या गप्पा नीट ऐकून. ज्याला पुरुष चहाटळपणा म्हणतात त्यालाच तिने पुरावा केले. सत्यशोधनाला गेलेल्या प्रत्येक कार्यकर्तीला हे ओळखीचे वाटेल. पंचनाम्यात नसते ते शेजारणीला माहीत असते.

रहस्यकथेत मात्र प्रत्येक मृत्यूची चौकशी होते. आपल्या अनुभवात तसे नाही. ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून किती जळिते मिटवली गेली! १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने तिच्या पतीला दोषी ठरवले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुरावा परिस्थितिजन्य होता, आणि त्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे होती. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी गेले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकाऱ्याकडून चौकशी, ही तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने आली. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे शेवटच्या पानावर खुनी सापडेल याची हमी जगात नाही. ती चौकशी नीट व्हावी म्हणून दर वेळी कोणीतरी पोलीस ठाण्यात जाऊन बसावे लागते.

म्हणूनच मला रहस्यकथेची वाचक ही आपली सोबतीण वाटते. वाक्यातली गाळलेली जागा तिला दिसते. मुलीच्या फोनवरचे “सगळं ठीक आहे” हे वाक्य ती दुसऱ्यांदा ऐकते. फरक इतकाच, की आपल्याला हे वाचन बाई हयात असताना करायचे आहे.

तेव्हा एक सूचना. दिवाळी अंक आज महाग झाले आहेत, पण अनेक वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना असतात. गटाने मिळून वर्गणी भरा. जानेवारीच्या बैठकीत एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा मोठ्याने वाचा. निरक्षर मैत्रिणींनाही त्यात भाग घेता येईल. मग तीनच प्रश्न विचारा: तिच्या ‘नाही’चे काय झाले? घरकाम कोणी केले? आणि जी मेली तिची बाजू कोणी सांगितली? उत्तरे संपादकांना कळवा. त्यांना वाचकांची पत्रे हवीच असतात. आणि ज्यांना उत्तर पसंत पडणार नाही त्यांनी शेवट बदलून लिहावा. असे बदललेले शेवट पुढच्या अंकात छापायला आम्ही चार पाने राखून ठेवली आहेत.