चिनूचं लिंबू

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराघरांतून एक हट्ट हमखास ऐकू येतो, ‘आई, मला पिल्लू हवं!’ कुणाला मांजराचं, कुणाला कुत्र्याचं, कुणाला सशाचं. आमच्या घरी हा हट्ट गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर झाला आणि तोही भर बाजारात.

नागपूरचं ऊन. संध्याकाळचे सहा वाजले तरी रस्ता तापलेला. भाजी घेऊन परतताना एका टोपलीपाशी चिनूचे पाय थांबले. टोपलीत कोंबडीची पिल्लं होती. गुलाबी, हिरवी, केशरी, पिवळीजर्द. होळीचा रंग अंगावर राहून गेल्यासारखी. वीस रुपयांना एक. साडेपाच वर्षांच्या मुलीला तिथून हलवणं मला तरी जमलं नाही. खरं सांगायचं तर माझाही जीव त्या चिवचिवाटात अडकला होता. आम्ही तीन पिल्लं घेतली. कागदी पिशवीला भोकं पाडून विक्रेत्याने ती हातात दिली. ‘काय खायला घालू?’ या प्रश्नाला ‘काहीही खातात’ असं उत्तर मिळालं.

घरी येईपर्यंत नामकरण झालं होतं. गुलाबी ती गुलाबो, हिरवी ती मिरची आणि पिवळं ते लिंबू. जुन्या मिक्सरच्या खोक्यात कागद अंथरला, वाटीत पाणी ठेवलं, पोळीचा चुरा टाकला. उजेड हवा म्हणून वर टेबललॅम्प लावला. रात्री नेहमीप्रमाणे कूलर सुरू झाला. पिल्लं बराच वेळ मोठमोठ्याने ओरडत होती. ‘आनंदात आहेत,’ असं मी चिनूला सांगितलं आणि आम्ही झोपलो.

सकाळी मिरची खोक्याच्या कोपऱ्यात आडवी पडलेली होती.

खोटं बोलण्याचा मोह

चिनू अजून उठली नव्हती. तिचे बाबा हलक्या आवाजात म्हणाले, ‘मी जाऊन तसंच दुसरं हिरवं घेऊन येतो. तिला कळणारही नाही.’ मला ते पटलं. पर्समधून पैसेही काढले. इतक्यात मागून आवाज आला, ‘आई, मिरची अशी का झोपलीय?’

त्या क्षणी काय सांगावं हे कुठल्याही आईला आधी ठरवता येत नाही. ‘देवाघरी गेली’ हे शब्द ओठांवर आले होते. पण चिनूने पिल्लाला बोट लावलं आणि स्वतःच म्हणाली, ‘गार आहे.’ मग मी खरंच सांगितलं. मिरची मेली आहे. आता ती उठणार नाही. का मेली, ते मला ठाऊक नाही. पण आपण विचारून येऊ.

अंगणातल्या मोगऱ्याजवळ मातीत मिरचीला पुरलं. चिनू रडली, मग पोहे खाल्ले, मग पुन्हा रडली. लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं. मोठ्यांना वाटतं, विसरली. विसरलेली नसते.

उजेड म्हणजे ऊब नव्हे

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त पशुवैद्य राहतात. उरलेली दोन पिल्लं घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी रात्रीची सगळी हकीकत विचारली आणि मग म्हणाले, ‘ताई, पिल्लू थंडीने गेलं.’

बेचाळीस अंश तापमानाच्या शहरात थंडीने? मला ते खरंच वाटेना. त्यांनी समजावलं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त लव असते, पिसं नसतात. स्वतःच्या शरीराची ऊब त्याला राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, म्हणजे आईच्या पंखाखाली असते तेवढी. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायचं. चार-पाच आठवड्यांत पिसं फुटली की काळजी सरते. आणि आम्ही तर त्यांना रात्रभर कूलरच्या वाऱ्यात ठेवलं होतं.

‘पण वर दिवा लावला होता ना,’ मी म्हणाले.

‘कुठला दिवा?’

एलईडी. आता घराघरांत तोच असतो. तो उजेड देतो, ऊब देत नाही. पूर्वीचा तारेचा पिवळा बल्ब तापायचा, म्हणून आपल्या आज्या-मावश्या त्याच्याखाली पिल्लं जगवू शकल्या. आपण मात्र तो दिवा बदलला तरी समजूत जुनीच ठेवली.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला जास्त लागली. पिल्लाची बारीक, मऊ कुजबुज म्हणजे ते सुखात आहे. मोठ्याने, सतत ओरडणं म्हणजे ते संकटात आहे. दिव्याखाली सगळी एकमेकांना चिकटून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. पंख पसरून, चोच उघडून लांब पळाली तर उकडतं आहे. म्हणजे मिरची रात्रभर आम्हाला सांगत होती आणि मी ‘आनंदात आहेत’ म्हणून कूस बदलली होती.

माळ्यावर शोधाशोध करून चाळीसचा एक जुना बल्ब मिळाला. खोकं कूलरच्या खोलीतून स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये गेलं. पाण्याच्या वाटीऐवजी उथळ बशी आली, त्यात पिल्लू बुडू नये म्हणून खडे. पोळीच्या चुऱ्याऐवजी पशुखाद्याच्या दुकानातून पिल्लांचं खाद्य आणलं. तरीही तिसऱ्या दिवशी गुलाबो गेली. ती आणली तेव्हापासूनच मलूल होती. या वेळी चिनूने विचारलं नाही. मोगऱ्याजवळचा खड्डा तिनेच दाखवला.

उरलं लिंबू.

भाऊ कुणाला नको

लिंबू जगलं आणि चिनूची सुट्टी त्याच्याभोवती फिरू लागली. ती चालली की ते मागे, ती बसली की ते तिच्या फ्रॉकच्या घेरात. कोंबडीचं पिल्लू जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत जे हलताना दिसेल त्याच्या मागे जातं, हे डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ मध्येच लिहून ठेवलं आहे. चिनूला मात्र एवढंच कळलं होतं की, हे आपल्याशिवाय राहत नाही. ‘मग मी बाहेर गेले तर?’ असं तिने विचारलं, तेव्हा मला वाटलं, ही मुलगी एका महिन्यात बरीच मोठी झाली.

मे महिन्यात पिवळी लव झडली आणि पांढरी पिसं आली. ‘आई, लिंबाचा रंग गेला!’ चिनू घाबरली. तिला सांगितलं की तो रंग लिंबाचा नव्हताच, माणसांनी लावलेला होता.

‘का लावला?’

या ‘का’चं उत्तर पुन्हा त्या पशुवैद्यांनीच दिलं. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्या उबवणी केंद्रात तयार होतात. एकवीस दिवसांनी अंडी फुटली की साधारण निम्मी पिल्लं नर निघतात. नर अंडी देत नाहीत आणि या जातीचे नर मांसासाठीही लवकर वाढत नाहीत. त्यामुळे पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे केले जातात. नर बहुतेक नष्ट केले जातात, काही मातीमोल भावाने विकले जातात. त्यातलेच रंगवून टोपलीत येतात. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस खाण्यापिण्यावाचून तग धरू शकतं, म्हणून खोक्यात भरून ते लांब पाठवता येतं. बाजारात पोहोचेस्तोवर ती शिदोरीही संपत आलेली असते.

आमच्या घरी रोज सकाळी चिनूला उकडलेलं अंडं मिळतं. त्या दिवशी ती अंड्याकडे बघत म्हणाली, ‘म्हणजे हे लिंबाच्या बहिणीचं आहे?’ मी हो म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि अंडं खाल्लं. मीही पुढे काही बोलले नाही. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी उपदेश हवाच असं नाही.

बांग

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याच्या थोडं आधी, एका पहाटे पॅसेजमधून बिघडलेल्या भोंग्यासारखा आवाज आला. लिंबू आरवायला शिकत होतं. चार दिवसांत वरच्या मजल्यावरून निरोप आला. आठव्या दिवशी सोसायटीची चिठ्ठी.

कामाला येणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, ‘ताई, मले द्या ना हा कोंबडा. रविवारी पाहुणे येऊन राहिले.’ चिनू दारातच उभी होती. तिने मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘आई, पाहुणे आले की काय करतात?’

मावशींचं काही चुकलं नव्हतं. कोंबड्याचं जगात जे होतं तेच त्या म्हणाल्या. मी चिनूला ते सांगितलं. मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं की, लिंबाला काटोलकडे माझ्या माहेरी, शेतावर ठेवायचं. तिथे कोंबड्या आहेत, मोकळी जागा आहे. आईने शब्द दिला, ‘याच्या मानेला कोणी हात लावणार नाही.’ पण मुंगसाचा आणि कुत्र्याचा शब्द कोण देणार? तेही मी चिनूला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग आजीला सांग, रात्री दार लाव.’

घेण्याआधी

सुट्टीत मुलांना प्राण्यांचा सहवास जरूर मिळावा. पण माझ्या चुकांवरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

रंगीत पिल्लं विकत घेऊ नका. आपण दिलेल्या वीस रुपयांनी एक पिल्लू सुटत नाही, पुढची टोपली भरते. पोपटाची पिल्लं तर अजिबात नकोत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे पोपट पाळणं गुन्हा आहे.

कोणतंही पिल्लू आणण्यापूर्वी ते मोठं झाल्यावर कुठे राहील, हे ठरवा. सुट्टी दोन महिन्यांची असते, प्राणी कित्येक वर्षांचा.

पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावा. कोंबडीच्या पिल्लांतून साल्मोनेलाचे जंतू पोटात जाऊ शकतात. त्यांचा मुका घेऊ देऊ नका, खोकं स्वयंपाकघरात नको आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ती हाताळू देऊ नका. कुत्र्या-मांजराच्या पिल्लाने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून थांबू नका.

आणि पिल्लू दगावलं तर गुपचूप दुसरं आणून ठेवू नका. त्या सकाळी मी तसं केलं असतं, तर चिनूला मिरचीचं मरण कळलं नसतं. पण मग लिंबू जगलंही नसतं, कारण मिरची का मेली हे विचारायला आम्ही कुठे गेलोच नसतो.

या एप्रिलमध्ये त्याच बाजारात तीच टोपली दिसली. गुलाबी, हिरवी, केशरी, पिवळीजर्द. चिनू थांबली. खाली वाकून तिने बराच वेळ कान देऊन ऐकलं. मी पर्स घट्ट धरून वाट बघत राहिले.

मग ती उठली आणि माझा हात धरत म्हणाली, ‘नको आई. आपल्याकडे कूलर आहे.’