परदेशी सरकारांच्या निषेधाने कुणाचं घर वाचतं का? जेरुसलेम, मणिबेली आणि मोर्शी

पूर्व जेरुसलेममध्ये एखाद्या पॅलेस्टिनी कुटुंबाला घराबाहेर काढलं की युरोपियन युनियन चिंता व्यक्त करतं, ब्रिटन निषेधाचं पत्रक काढतं. मग सोशल मीडियावर प्रश्न येतो : याने फरक काय पडतो?

जेरुसलेममध्ये काय झालं?

इस्रायलच्या १९७० च्या कायद्यानुसार पूर्व जेरुसलेममध्ये १९४८ पूर्वी ज्यूंच्या मालकीची असलेली मालमत्ता परत मागता येते. पश्चिम जेरुसलेममधली घरं गमावलेल्या पॅलेस्टिनींना तसा हक्क नाही. ऑगस्ट २००९ मध्ये शेख जर्राह वस्तीतून दोन कुटुंबांतल्या पन्नासहून जास्त माणसांना बाहेर काढलं. ब्रिटनने कडक शब्दांत निषेध केला, पण घरं गेली ती गेलीच.

मे २०२१ मध्ये मात्र जगभर ओरड झाली आणि याच वस्तीतल्या कुटुंबांची सुनावणी पुढे ढकलली गेली. मार्च २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने चार कुटुंबांना मालकीचा फैसला होईपर्यंत राहण्याची मुभा दिली. म्हणजे दबावाने वेळ मिळाला, मालकी नाही.

महाराष्ट्रात असं कधी घडलं?

हो. सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. त्यातलं पहिलं मणिबेली, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. पुनर्वसनावरून आंदोलन पेटलं आणि १९९० मध्ये जपान सरकारने टर्बाइनसाठीची पुढची मदत रोखली. ऑक्टोबर १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या संचालक मंडळात अमेरिका, जर्मनी, जपान, कॅनडा यांच्या प्रतिनिधींनी कर्ज सुरू ठेवायला विरोध केला. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज स्वतःच नाकारलं.

धरण थांबलं का? नाही. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे न्यायला परवानगी दिली, २०१७ मध्ये लोकार्पणही झालं. पण १९९३ मध्येच जागतिक बँकेने तपासणी मंडळ नेमलं. बँकेच्या पैशाने चालणाऱ्या प्रकल्पात नुकसान झालं, तर लोकांना तिथे थेट तक्रार करता येते.

मोर्शीचा संबंध काय?

त्याच १९९३ मध्ये मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण पूर्ण झालं. तिथल्या प्रकल्पग्रस्तांनी मोबदला आणि नोकरीसाठी २०२३ मध्ये मोर्शीत तीन महिन्यांहून जास्त काळ आंदोलन केलं. शेवटी २९ ऑगस्टला त्यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. तीस वर्षांनंतरही मागणी तीच, पण ती ऐकवायची कुणाला हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्याकडे मत आहे, आमदार आहे, भूसंपादनाचा कायदा आहे.

पूर्व जेरुसलेममधल्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे इस्रायलचं नागरिकत्व नाही, त्यामुळे तिथल्या संसदेसाठी त्यांना मत देता येत नाही. जे सरकार घर रिकामं करायला लावतं, ते बदलण्याचा अधिकारच त्यांना नाही. म्हणूनच परदेशी सरकारांचा आवाज त्यांच्यासाठी इतका महत्त्वाचा ठरतो.

मग पत्रक कधी उपयोगी पडतं?

जपानने पैसे रोखले तेव्हा निषेधाला वजन आलं. त्यामुळे पुढच्या वेळी असं पत्रक वाचताना एकच गोष्ट बघा : ‘चिंता’ या शब्दापुढे त्या सरकारने स्वतः काय पणाला लावलंय? काहीच नसेल, तर ते पत्रक तेवढ्यापुरतंच.