चार एस्टर, एक इंजेक्शन: 'स्मूद रिलीज'चा दावा किती खरा?

जिमच्या रील्समध्ये 'सस्टेनॉन २५०' हे नाव ऐकलं असेलच. दावा असा, की यात चार प्रकारचं टेस्टोस्टेरॉन आहे, ते एकामागोमाग एक रिलीज होतं, म्हणून लेव्हल तीन आठवडे एकसारखी राहते. ऐकायला लॉजिकल वाटतं. पण गणित मांडून बघूया.

शुद्ध टेस्टोस्टेरॉन टोचलं तर शरीर ते पटकन संपवतं. म्हणून त्याला कार्बनची एक शेपटी जोडतात. हे झालं एस्टर. शेपटी जितकी लांब, तितकं ते तेलात जास्त रमतं आणि स्नायूतून रक्तात यायला जास्त वेळ घेतं. मग एन्झाइम ती शेपटी तोडतात आणि टेस्टोस्टेरॉन मोकळं होऊन कामाला लागतं.

सस्टेनॉन २५० च्या १ मिलीमध्ये, शेंगदाणा तेलात, प्रोपिओनेट ३० मिग्रॅ, फिनाइलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डेकॅनोएट १०० असतं. शेपट्यांचं वजन वजा केलं की २५० पैकी खरं टेस्टोस्टेरॉन उरतं १७६ मिग्रॅ. १२८ जीबीच्या फोनमध्ये पूर्ण जागा कुठे मिळते, तसंच!

आता खरी गोम. हे चौघे रांगेत उभे राहून आपल्या नंबरची वाट बघत नाहीत. चारही प्रोसेस एकदमच सुरू होतात, वेग तेवढा वेगळा. त्यामुळे सुरुवातीलाच सगळ्यांची बेरीज होते. लेव्हल २४ ते ४८ तासांत शिखर गाठते आणि सुमारे २१ दिवसांत नॉर्मलच्या खालच्या रेषेपर्यंत उतरते. म्हणजे आधी खडी चढण, मग लांब उतार.

हा ग्राफ मेंदूही वाचत असतो. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे हार्मोन कमी करते. वृषणातलं उत्पादन मंदावतं, शुक्राणू घटतात, कधी शून्यावरही येतात. इंजेक्शन थांबवलं म्हणून सिस्टिम लगेच रीस्टार्ट होत नाही. त्याला महिने लागू शकतात. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सर्व टेस्टोस्टेरॉन औषधांच्या लेबलवर रक्तदाब वाढण्याचा इशारा द्यायला सांगितलं.

ज्यांचं शरीर आजारामुळे हे हार्मोन पुरेसं बनवत नाही, त्यांच्यासाठी हे औषध मोलाचं आहे. पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत. बावीस वर्षांच्या निरोगी मुलाचं शरीर हेच काम रोज फुकटात करतं. ते बंद पडलं, तर रीलवाला तुमचा रिपोर्ट बघायला येणार नाही.