रिसॉर्ट घेण्याआधी, जमीन देण्याआधी सातबारा वाचा

पवना धरणाच्या काठावर तंबू, लोणावळ्यात बंगले आणि आता ‘निसर्गात गुंतवणूक करा, रिसॉर्टचे मालक व्हा’ अशा जाहिराती. जुलै 2025 मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेल्यावर मावळातील जमिनीवरची नजर आणखी वाढणार, हे उघड आहे. शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना रिसॉर्ट घेण्याचे प्रस्ताव येतात आणि गावातल्या आपल्याच चुलत्याकडे जमीन मागायला दलाल येतो. दोन्ही टोकांना आपली माणसे आहेत, म्हणून हा विषय आम्ही मांडत आहोत.

आधी घेणाऱ्यांविषयी. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. कूळकायद्याचे कलम 63 तेच सांगते. अकृषिक परवानगी, रस्ता, पाणी, वन खात्याची किंवा धरणाची संपादित जमीन हे सगळे तपासावे लागते. शिवाय धंदा पावसाळ्याचा आणि शनिवार-रविवारचा. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतर पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. जाहिरातीतल्या परताव्यात असे बंद दिवस कोणी मोजत नाही.

आता देणाऱ्यांविषयी. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा मिळाल्या, पण नव्या शर्तीने. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असे असते. रिसॉर्टसारख्या बिगरशेती कामासाठी ती द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा लागतो. ही अट अनेकांना जाच वाटते. आम्हाला ते कुंपण वाटते. दलाल ते साठेखत आणि कुलमुखत्यारपत्राने ओलांडू पाहतो. मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे 40 एकर जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर 2025 मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा हा प्रश्न किती मोठा आहे ते सर्वांना दिसले.

मग जमीन पडीक ठेवायची का? नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. स्वतःच्या शेतात चार खोल्या, घरचे जेवण आणि कार्ले, भाजे, बेडसे लेण्यांची माहिती सांगू शकणारी आपली मुले, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. लेणी पाहायला येणारे उपासक-उपासिका आज मुक्कामाला दुसरीकडे पैसे मोजतात. जमीन विकून त्याच जागी उभ्या राहिलेल्या रिसॉर्टवर पहारेकरी होण्यापेक्षा हा मार्ग सावकाश आहे, पण मालकी आपली राहते.

कार्ल्याच्या शिलालेखांत याच मुलखातील जमिनीचे व्यवहार कोरलेले आहेत. वलुरक लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी उषवदाताने करजिक गाव दान दिले. दुसऱ्या एका लेखात मामाल, म्हणजे आजच्या मावळच्या, अमात्याला राजाज्ञा आहे: भिक्खूंच्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये. संघाची जमीन टिकावी म्हणून अटी दगडात कोराव्या लागल्या. आपल्या अटी कागदावर आहेत, त्या निदान वाचू या.

या आठवड्यात आपल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार काढा, वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचा. विसार घेण्यापूर्वी आणि सही करण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा एक विषय ठेवा.

जय भीम!