'डॉक्टर' कोणास म्हणावे?

९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढले. फिजिओथेरपिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर नव्हेत, त्यांनी नावाआधी 'डॉ.' लावल्याने रुग्णांची दिशाभूल होते, सबब त्यांनी ते लावू नये, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, या विषयाचा अधिक विचार व्हावयास हवा असे सांगून ते पत्र मागे घेण्यात आले. सरकारी कचेरीत एरवी एक कागद या मेजावरून त्या मेजावर जाण्यास जितका अवधी लागतो, तेवढ्यात एक उपाधी गेली आणि परतही आली! वाद मात्र मिटला नाही. आज जे फिजिओथेरपिस्टांविषयी बोलले जाते, तेच दंतवैद्यांविषयी वर्षानुवर्षे दबक्या आवाजात बोलले गेले आहे. होमिओपॅथी व आयुर्वेद यांच्या पदवीधरांविषयी तर ते मोठ्यानेच बोलले जाते.

या उपाधीवर आपलीच वहिवाट आहे असे एम.बी.बी.एस. पदवीधरांस वाटते. परंतु इतिहास त्यांची साक्ष देत नाही. 'डॉक्टर' हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ 'शिकविणे' असा आहे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांनी तो धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक यांच्या आचार्यांना दिला. (ज्या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक, तो शाळामास्तराखेरीज बहुतेक सर्वांच्या वाट्याला आला, हे आम्ही एके काळचे शाळामास्तर या नात्याने नमूद करून ठेवतो.) इंग्लंडातील शल्यविशारद तर आजही स्वतःस 'मिस्टर' म्हणवितात, कारण त्यांचे पूर्वज विद्यापीठात नव्हे, तर उमेदवारी करून शिकले, आणि १५४० पासून १७४५ पर्यंत लंडनमध्ये ते व न्हावी एकाच संघात होते. त्या 'मिस्टर' शब्दाचा त्यांना आता अभिमान वाटतो.

आपल्याकडील कथा याहून निराळी नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड यांस मिळालेल्या पदवीच्या नावात 'डॉक्टर' हा शब्द नव्हता; त्यांना डॉक्टर केले ते लोकांनी. आजची एम.बी.बी.एस. हीदेखील नावाप्रमाणे 'बॅचलर' पदवीच आहे. उलट आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत मिळविलेली एम.डी. पदवी अक्षरशः 'डॉक्टर' होती. ज्ञानकोशकार केतकर डॉक्टर होते ते समाजशास्त्रातील विद्वत्तेमुळे. आणि महाराष्ट्रात ज्या एका नावाआधी 'डॉक्टर' हा शब्द नावाचाच भाग होऊन बसला आहे, ते बाबासाहेब आंबेडकर लंडन व कोलंबिया या विद्यापीठांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे कोणी कधी ताप दाखविण्यास गेल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा मालकीहक्काचा हा दावा आम्ही मुळातच निकालात काढतो. कोणाची उपाधी कोणी पळविली, हा प्रश्नच गौण होय.

खरा प्रश्न रुग्णाचा आहे, आणि तो मानापमानाचा नसून प्राणाचा आहे. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या वडिलांना घेऊन मुलगा घराबाहेर पडतो. शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर 'डॉ.' अशी पाटी त्याला दिसते. खाली बी.डी.एस., बी.एच.एम.एस., बी.ए.एम.एस., बी.पी.टी. यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. पण त्या घटकेस त्याला ही सारी अक्षरे सारखीच. तो घंटा वाजवितो. आत राहणारे गृहस्थ प्रामाणिक असतील तर "ताबडतोब इस्पितळ गाठा" असे सांगतील. पण नसतील तर? होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या व्यवसायिकाने ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला, आणि तो निष्काळजीपणाच होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली द्यावा लागला. त्यानंतर २०१४ मध्ये आपल्या राज्याने एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट कायद्याने मोकळी केली. आणि त्यांच्या नोंदणीच्या प्रश्नावर १८ सप्टेंबर २०२५ रोजी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. या भांडणात दोन्ही बाजूंनी रुग्णाचे नाव घेतले गेले. पाटी वाचणाऱ्या रुग्णाची अडचण मात्र होती तेथेच राहिली.

दंतवैद्यांची बाजू आम्हांस याहून फार बळकट वाटते. त्यांचा व्यवसाय १९४८ पासून कायद्याने बांधलेला आहे, त्यांची नोंदणी स्वतंत्र आहे, एम.बी.बी.एस.ला जी 'नीट' परीक्षा तीच त्यांना आहे, आणि शरीरशास्त्राचे व औषधशास्त्राचे ज्ञान त्यांना सक्तीने घ्यावे लागते. तंबाखू, गुटखा व मशेरी यांनी पोखरलेल्या या महाराष्ट्रात तोंडातील पांढरा चट्टा वा न भरणारी जखम पुष्कळदा प्रथम पाहतो तो दंतवैद्य. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाचा कर्करोग वेळीच ओळखणाऱ्यास 'डॉक्टर' म्हणू नये, असे सांगण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवलेले आहे. आपल्या घरांतून कोणीही नुसते 'डॉक्टरकडे जातो' असे म्हणून दाताच्या दवाखान्यात जात नाही; तो 'दातांच्या डॉक्टरांकडे' जातो. डोळ्यांचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, खेड्यात गुरांचे डॉक्टर! लोकांनी उपाधी कोणाचीही काढून घेतली नाही, तिला फक्त एक षष्ठी विभक्ती जोडली. आणि त्या एका प्रत्ययात माणसाचा मानही राहिला व त्याच्या ज्ञानाची हद्दही सांगितली गेली. महासंचालनालयास जे एका पत्राने साधले नाही, ते आमच्या आजीबाई रोज साधीत आल्या आहेत.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, लोक जे बोलतात ते पाटीवर यावे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात हा नियम राज्याने २०२२ मध्ये लहान दुकानांनाही लागू केला. दवाखान्यांच्या पाट्यांबाबत याहून अधिक कडक नियम करण्यास कोणती हरकत आहे? नावाच्याच आकाराच्या अक्षरांत 'दातांचे डॉक्टर', 'होमिओपॅथीचे डॉक्टर', 'आयुर्वेदाचे डॉक्टर' असे लिहिणे बंधनकारक करावे. फिजिओथेरपिस्टांना नावापुढे 'पी.टी.' ही अक्षरे जोडण्याची तोड सुचविली गेली आहे. पण ज्याला त्या दोन अक्षरांचा अर्थ कळतो, त्याला फसण्याचे भय नसतेच. त्याऐवजी 'व्यायामोपचार' असा स्वच्छ मराठी शब्द लिहावा. यात आपला कमीपणा होतो असे काहींना वाटेल. तसे वाटणाऱ्यांनी आपल्या विद्येचे नाव लपविण्याजोगे का वाटते, हे एकदा स्वतःस विचारावे. एम.बी.बी.एस. मंडळींनाही यातून सूट नको, एम.डी. झालेल्यांनी कशाचे एम.डी. हे मराठीत लिहावे. राज्याच्या आरोग्य खात्याने यासाठी दिल्लीच्या पुढील पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.