डिस्ट्रोचं सोवळं

गेमिंगच्या लॅपटॉपवर कुठला लिनक्स टाकू, असं कुणी विचारलं की आपण संगणकवाले आधी आपलं गोत्र सांगतो. मी आर्चवाला, तो डेबियनवाला, ती उबुंटूवाली. लॅपटॉप कुठला, गेम कुठले, हे विचारायचं राहूनच जातं. या सोवळ्याओवळ्याला माझा विरोध आहे, आणि तो पश्चात्तापातून आलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या नव्या लॅपटॉपवर मी हौसेने आर्च टाकून दिलं. घरात तेवढा एकच लॅपटॉप, तोही हप्त्यांवर घेतलेला. कॉलेजचं काम त्यावरच, गेमही त्यावरच. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री त्याने अपडेट केलं आणि स्क्रीन काळी झाली. नवं कर्नल आलं होतं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नव्हता. रात्री दोनपर्यंत मी फोनवरून कमांड सांगत होतो. शेवटी तो म्हणाला, "दादा, मला फक्त गेम खेळायचा होता रे."

खरं तर विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात, त्यात डिस्ट्रोचं कर्तृत्व फार थोडं. ते श्रेय व्हॉल्व्हने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉनचं, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या, १९९३ पासून घडत आलेल्या वाइनचं. डायरेक्टथ्रीडीसाठी लिहिलेल्या सूचना प्रोटॉन व्हल्कनमध्ये बदलून देतं. ते स्टीममधूनच मिळतं, मग खाली फेडोरा असो की मिंट.

डिस्ट्रोमुळे फरक पडतो तो कर्नल आणि ड्रायव्हर किती ताजे मिळतात यात, आणि बिघडलं तर मागे कसं फिरायचं यात. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. कालपरवा बाजारात आलेल्या लॅपटॉपला ती अपुरी पडू शकते. आर्च रोज ताजं असतं, पण दुरुस्तीही आपणच करायची. "स्टीम डेक आर्चवरच चालतो की!" असं लगेच ऐकवलं जातं. चालतो, पण तिथे व्हॉल्व्ह ठरावीक हार्डवेअरवर तपासून अख्खी सिस्टीम एकत्र पाठवते. तुमच्या लॅपटॉपसाठी ते काम कोण करणार?

म्हणून आता कुणी विचारलं तर मी बॅझाइट सुचवतो. ते फेडोरावर आधारलेलं आहे, एनव्हिडियाचा ड्रायव्हर आत घातलेली त्याची वेगळी प्रत मिळते, आणि अपडेट फसलं तर सुरू होतानाच्या यादीतून आधीची सिस्टीम निवडता येते. ज्याला व्हॅलोरंट खेळायचं आहे त्याला मात्र स्पष्ट सांगतो: विंडोज ठेव. त्याचं अँटी-चीट लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लेजेंड्सनेही २०२४ मध्ये लिनक्सला दार बंद केलं. ते निर्णय कंपन्यांचे आहेत, कुठलीही डिस्ट्रो ते बदलू शकत नाही. हे लपवून केलेला प्रचार म्हणजे फसवणूक.

बॅझाइट वापरणं कमीपणाचं आणि आर्च वापरणं शौर्याचं, असं मानणाऱ्यांनी ते खुशाल मानावं. पण लॅपटॉप त्या पोराचा आहे आणि हप्ते त्याच्या आईवडिलांचे. मिरवायला आपलं स्वतःचं मशीन आहेच.